हिस्सा खोटा निघाला तर

मिनू, किल्लीदारांच्या यादीत तुझं नाव लागलं हे ऐकून मला मनापासून आनंद झाला. कंपनीत रुजू होऊन वर्ष होत नाही तोच सर्व्हरच्या मुख्य किल्लीच्या पाच हिश्शांपैकी एक तुझ्या हाती दिला, म्हणजे तुझ्यावर विश्वास टाकलाय. आईलाही तू छान समजावून सांगितलंस: किल्ली पाच जणांत वाटली आहे, कुणीही तिघे आले की उघडते, दोघांनी कितीही डोकं लढवलं तरी उघडत नाही. अगदी बरोबर. पण बोलता बोलता तू म्हणालीस, "ताई, यात लबाडीला जागाच नाही, गणितानेच तसं सिद्ध केलंय." ते मला खटकलं. फोनवर तेव्हा विषय वाढवला नाही, कारण हे घाईघाईत सांगण्यासारखं नाही. आता सावकाश सांगते. कागद-पेन घेऊन बस.

आधी गणिताने नेमकं काय सिद्ध केलंय ते बघू. ही युक्ती आदी शामीर यांची, १९७९ सालची. निबंध अवघा दोन पानांचा आहे, जमलं तर मुळातून वाच. त्याच वर्षी जॉर्ज ब्लॅकली यांनी भूमितीच्या वाटेने स्वतंत्रपणे तेच गाठलं. शामीर सुरुवात एका जुन्या कोड्याने करतात. अकरा शास्त्रज्ञांना कागदपत्रं कपाटात ठेवायची आहेत आणि निदान सहा जण असतील तरच कपाट उघडलं पाहिजे. नेहमीची कुलपं वापरायची तर ४६२ कुलपं लागतात आणि प्रत्येकाच्या जुडग्यात २५२ किल्ल्या! शामीर यांनी हा सगळा पसारा एका बहुपदीत बसवला. आणि सिद्ध काय केलं, तर ठरलेल्या संख्येपेक्षा एक जरी हिस्सा कमी असला तरी गुपिताबद्दल काही म्हणजे काहीही कळत नाही. जगातले सगळे कॉम्प्युटर जुंपले तरी नाही.

ही हमी डोकावणाऱ्याविरुद्ध आहे गं. खोटं बोलणाऱ्याविरुद्ध नाही. तिघे जमले आणि तिघांनी आपापला हिस्सा खराच सांगितला, हे त्या हिशोबात धरूनच चाललेलं आहे. आता तिघांतला एक जण खोटा हिस्सा सांगतो असं समज आणि काय होतं ते स्वतः करून बघ.

गुपित आहे ११. सगळा हिशोब १७ ने भागून उरणाऱ्या बाकीत करायचा, म्हणजे आकडे ० ते १६ मध्येच राहतात. तिघांनी उघडावं असं हवंय, म्हणून वर्गापर्यंतची बहुपदी घ्यायची: ११ + ४क्ष + ३क्ष². यातले ४ आणि ३ हे चिठ्ठी उचलावी तसे निवडलेले, वाटणाऱ्याशिवाय कुणाला ठाऊक नाहीत. आता क्षच्या जागी १ ते ५ घालत जा. पहिल्याच्या वाट्याला १ येतो, दुसऱ्याच्या १४, तिसऱ्याच्या १६, चौथ्याच्या ७. पाचवी तू, तुझ्याकडे ४.

पहिले तिघे जमले की जोडणी अगदी सोपी आहे. पहिल्याच्या हिश्शाची तिप्पट घ्यायची, त्यातून दुसऱ्याची तिप्पट वजा करायची, तिसऱ्याचा हिस्सा जसाच्या तसा मिळवायचा. ३ − ४२ + १६, म्हणजे −२३. दोनदा १७ मिळव, ११ आले. गुपित हाती.

आता तिसऱ्याने १६ ऐवजी २ सांगितलं असं धर. ३ − ४२ + २ = −३७. तीनदा १७ मिळवले की १४. पहिला आणि दुसरा १४ हेच गुपित समजून घरी जातील. आणि तिसरा? त्याला पक्कं माहीत आहे की आपण आपल्या हिश्शात ३ वाढवले, १९ झाले, त्याची बाकी २. सूत्रात त्याचा हिस्सा जसाच्या तसा मिळवला जातो, तेव्हा उत्तरही नेमकं ३ ने वाढलं. चौदातून तीन गेले, अकरा. खरं गुपित एकट्या त्याच्याकडे, बाकीच्यांच्या हातात तितकाच खरा दिसणारा खोटा आकडा.

हे पहिल्यांदा स्वच्छ मांडलं मार्टिन टॉम्पा आणि हेदर वोल यांनी, १९८६ च्या क्रिप्टो परिषदेत. शामीर यांच्या निबंधानंतर सात वर्षांनी. मला ही सात वर्षं महत्त्वाची वाटतात. इतकी सुंदर कल्पना हातात आली की तिच्या कडेला काय राहून गेलंय ते बघायला वेळ लागतो, मोठमोठ्यांनाही लागतो.

तू लगेच म्हणशील, मग सगळ्यांनी एकाच क्षणी हिस्से उघडावेत, म्हणजे दुसऱ्याचं बघून कुणाला बदलता येणार नाही. नीट बघ, तिसऱ्याने कुणाचंच बघितलं नव्हतं. त्याला फक्त समोर कोण बसलंय एवढंच माहीत होतं, पहिला आणि दुसरा. तेवढ्यावरून आपला हिस्सा उत्तरात किती पटीने उतरणार हे त्याला आधीच काढता येतं. एकदम उघडल्याने इथे काहीही साधत नाही. बरेच शिकलेसवरलेले लोक बैठकीत हा उपाय सुचवतात, म्हणून मुद्दाम सांगून ठेवते.

बरं, तिघांऐवजी चौघे बोलावले तर? खऱ्या हिश्शांना एक बंधन असतं. चौथ्यातून तिसऱ्याची तिप्पट वजा, दुसऱ्याची तिप्पट अधिक, पहिला वजा, याचं उत्तर शून्य आलंच पाहिजे. ७ − ४८ + ४२ − १, बरोबर शून्य. तिसऱ्याने २ सांगितलं तर ७ − ६ + ४२ − १ = ४२, बाकी ८. म्हणजे कुणीतरी खोटं बोललंय हे उघड झालं. पण कोण? ते मात्र चौघांत कळत नाही. कुणाही एकाला खोटा ठरव, उरलेल्या तिघांतून एक बहुपदी जातेच. चौघेही सारखेच संशयित.

पाचही जण आले तर चित्र पालटतं. पाचांतून तिघे निवडायचे दहा प्रकार आहेत. तिसऱ्याला वगळून होणारी चार त्रिकुटं एकमुखाने ११ सांगतात. ज्यांच्यात तो आहे ती सहा त्रिकुटं सहा वेगळी उत्तरं देतात: १४, ५, ३, ४, १३, ७. रविवारी बसून ही दहाही उत्तरं काढून बघ. सत्याचं उत्तर एकच राहतं आणि खोट्याची दर वेळी वेगळी होतात हे स्वतःच्या हाताने काढल्यावर जे समाधान मिळतं ते माझ्या सांगण्याने मिळणार नाही.

दर खोट्या हिश्शामागे गरजेपेक्षा दोन हिस्से जास्त असले तर खोटा ओळखूही येतो आणि गुपितही सुटतं. मॅकएलिस आणि सरवटे यांनी १९८१ मध्येच दाखवून दिलं होतं की शामीर यांचे हिस्से म्हणजे रीड-सॉलोमन संकेतच आहेत. १९६० पासूनचं हे चुका दुरुस्त करण्याचं शास्त्र, ज्याच्या जोरावर ओरखडे पडलेली सीडीही न अडखळता वाजायची. त्यामुळे हिस्से शेकड्यांनी असले तरी त्रिकुटं मोजत बसावं लागत नाही, खोटे हिस्से झटक्यात शोधायच्या पद्धती तयार आहेत.

इथवर आलं की बहुतेक जण वही मिटतात. पाचांत चार जुळले, एक जुळला नाही, तो खोटा. मला तुझी काळजी वाटते ती नेमकी इथे.

सीडीवरचा ओरखडा ठरवून पडत नाही. माणसं ठरवून खोटं बोलतात, आणि दोघं मिळून ठरवू शकतात. तिसरा आणि चौथा आतून एक झाले असं धर. त्यांना इतर कुणाचाही हिस्सा माहीत नाही. ते (क्ष − १)(क्ष − २) अशी लहानशी बहुपदी घेतात, जी पहिल्याच्या आणि दुसऱ्याच्या जागी शून्य होते. तिसऱ्याच्या जागी तिची किंमत २, चौथ्याच्या जागी ६. तेवढं ते आपापल्या हिश्शात मिळवतात. तिसरा सांगतो १६ अधिक २, म्हणजे १. चौथा सांगतो ७ अधिक ६, म्हणजे १३. तू आपली प्रामाणिकपणे ४ सांगतेस.

आता कॉम्प्युटरसमोर आलेत १, १४, १, १३ आणि ४. मघाची कसोटी पहिल्या चौघांना लाव: १३ − ३ + ४२ − १ = ५१, सतराने नि:शेष. चौघे एका बहुपदीवर बसले! कॉम्प्युटर निर्धास्तपणे सांगतो: गुपित १३, आणि पाचवीने खोटा हिस्सा दिला, तिने १६ सांगायला हवे होते, ती ४ म्हणाली. तिकडे ते दोघे तेरातून २ वजा करतात आणि खरं ११ घेऊन जातात.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. पहिला आणि दुसरा अगदी सरळ माणसं, पण त्यांच्याही डोळ्यांना तूच खोटी दिसशील. तीन खऱ्यांविरुद्ध दोन खोटे होते, बहुमत सत्याच्या बाजूला होतं, तरी निकाल उलटा लागला. कारण इथे मतं माणसांची नाही, आकड्यांच्या जुळण्याची मोजली गेली.

मी हे कागदावरचं भय म्हणून सांगत नाही. मी जिथे आधी नोकरी करत होते तिथे एकदा रात्री अशीच किल्ली जोडायची होती. तिघांनी हिस्से टाइप केले. सर्वांत शेवटी टाइप करणारी आमच्यातली सर्वांत नवी मुलगी होती. पडद्यावर फक्त किल्ली चुकल्याचा संदेश आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. कोणाचा हिस्सा चुकला हे सांगायची काही सोयच केलेली नव्हती. आणि मग खोलीतल्या सगळ्यांच्या माना एकेक करून तिच्याकडे वळल्या. कुणी काही बोललं नाही. बॅकअपवरून काम निभावलं, किल्ली नव्याने बनवली, चूक कुणाची होती ते कधीच कळलं नाही. पण पुढे तिला महत्त्वाच्या कामांतून हळूहळू बाजूला ठेवलं गेलं आणि काही महिन्यांनी ती सोडून गेली. तिने खोटा हिस्सा दिला होता असं मला वाटत नाही. पण नाही दिला हे सिद्ध करायला तिच्या हातात काहीच नव्हतं.

तेव्हापासून माझं मत ठाम आहे. लबाड ओळखण्याची सोय ही आधी खऱ्या माणसाच्या रक्षणासाठी असते. तू उद्या "पडताळणीची काय व्यवस्था आहे?" असं विचारलंस आणि कुणी म्हणालं, "आमच्यावर विश्वास नाही का?", तर न चिडता सांग की विश्वास आहे, म्हणूनच माझ्याही हिश्शाची पडताळणी व्हावी.

आता सोय काय काय करता येते ते ऐक. टॉम्पा आणि वोल यांनी दुखणं दाखवलं तसं औषधही दिलं. पहिल्याला १, दुसऱ्याला २ असे उघड क्रमांक द्यायचेच नाहीत. प्रत्येकाचा क्ष चिठ्ठी टाकून ठरवायचा आणि तोही गुप्त ठेवायचा. मग आपण केलेला बदल उत्तरात किती पटीने उतरणार हे लबाडाला काढता येत नाही. शिवाय गुपित फार मोठ्या मूळ संख्येच्या हिशोबात ठेवायचं, पण त्यातले थोडेच आकडे वैध मानायचे. खोट्या हिश्शाने आलेलं उत्तर जवळजवळ नेहमी अवैध भागात पडतं आणि लबाडी उघडी होते.

त्यांनी आणखी एक गोष्ट ओळखली, आणि मला ती फार आवडते. लबाडी पकडली जाईपर्यंत इतरांचे खरे हिस्से टेबलावर आलेले असतात. लबाड पकडला गेला तरी गुपित त्याच्याकडे गेलंच! म्हणून त्यांनी खऱ्या गुपिताच्या मागेपुढे पोकळ गुपितांची रांग लावली. एकेक करून उघडत जायचं, खरं कितवं आहे हे कुणालाच माहीत नाही. लबाडाला आपला डाव नेमक्या खऱ्या वेळी टाकायला हवा, आणि तो आधीच कुठेतरी पकडला जाण्याचा संभव खूप मोठा. पकडला गेला की तिथेच काम थांबवायचं.

यात लबाडी झाली एवढं कळतं, कुणी केली ते कळत नाही. लबाड नेमका कोण हे शोधण्यासाठी मला सर्वांत पटते ती १९८९ ची ताल राबिन आणि मायकल बेन-ऑर यांची पद्धत. वाटणारा तुला तुझ्या हिश्शाबरोबर, उरलेल्या प्रत्येकासाठी एक अशा खुणेच्या संख्या देतो. आणि त्या खुणा तपासायची आकड्यांची जोडी त्या त्या माणसाकडे गुप्त ठेवतो. म्हणजे असं: तुझा हिस्सा ४. पहिल्याकडे जोडी आहे ६ आणि ९. सहा चोक चोवीस, अधिक नऊ, तेहेतीस, बाकी १६. ही १६ तुझी पहिल्यासाठीची खूण. तू ४ आणि १६ सांगितलेस की पहिला आपल्या जोडीने गुणून बघतो, जुळलं तर हिस्सा खरा. तुला त्याची जोडी माहीत नाही, त्यामुळे ४ बदलून जुळणारी खूण बनवायची तर अंदाजच करावा लागेल. सतराच्या हिशोबात सतरांतून एकदा तो लागूनही जाईल. खऱ्या कामातल्या संख्या कितीतरी मोठ्या असतात, तिथे अंदाजाचं नाव काढायला नको.

आता मघाचा कट पुन्हा मांड. तिसरा आणि चौथा एकमेकांच्या खोट्या हिश्शांना "जुळलं" म्हणतील, पण पहिला, दुसरा आणि तू, तिघांच्याही तपासणीत ते उघडे पडतील. उलट तुझ्या हिश्शाला ते दोघे मुद्दाम "जुळला नाही" म्हणाले तरी पहिला आणि दुसरा तुझ्या बाजूने उभे राहतील, तू धरून तीन. आता मतं खरोखर माणसांची मोजली जातात. यासाठी पाचांत तिघे प्रामाणिक असायलाच हवेत, एवढी एकच अट. तिघे लबाड झाले तर ते तसंही गुपित उघडू शकतात, तिथे कोणताच इलाज चालत नाही.

हे सगळं वाटणारा माणूस सरळ आहे असं धरून चाललंय. कुंपणानेच शेत खाल्लं तर? वाटणाऱ्यानेच तुला बहुपदीवर न बसणारा आकडा दिला, तर तू कितीही खरी असलीस तरी उघडण्याच्या दिवशी खोटी ठरशील. आणि दोष त्या दिवसापर्यंत झाकलेला राहील, कदाचित वर्षानुवर्षं. या प्रश्नाला १९८५ मध्ये चोर, गोल्डवासर, मिकाली आणि अवरबुख यांनी हात घातला. पडताळता येणारं वाटप ही कल्पना त्यांची. १९८७ मध्ये पॉल फेल्डमन यांनी तिला फार सुटसुटीत रूप दिलं. वाटणारा बहुपदीतल्या प्रत्येक सहगुणकाचा एक झाकलेला आकडा सर्वांसमोर जाहीर करतो. पुढे जायला सोपा, मागे फिरायला जवळजवळ अशक्य असा. त्यावरून तुझ्या हिश्शाचा झाकलेला आकडा काय यायला हवा हे तू स्वतः काढतेस आणि हातातल्या हिश्शाशी ताडून बघतेस. नाही जुळलं तर पहिल्याच दिवशी हात वर करायचा. त्याच जाहीर यादीवरून पुढे उघडताना कुणीही कुणाचाही हिस्सा तपासू शकतं. एकाच यादीत वाटणाराही बांधला जातो आणि हिस्सेदारही.

एक मात्र लक्षात ठेव. फेल्डमन यांच्या पद्धतीत गुपिताचा झाकलेला आकडाही जाहीर होतो. गुपित म्हणून चार अंकी पिन ठेवला असेल तर दहा हजार पिन झाकून बघितले की तो सापडला. लांबलचक किल्लीला ती भीती नाही. ही फटसुद्धा नको असेल तर टोर्बेन पेडरसन यांची १९९१ ची पद्धत आहे, ती गुपित पूर्ण झाकते.

तुमच्या ऑफिसात हॅशिकॉर्पचं व्हॉल्ट आहे म्हणालीस. पाच हिस्से, तिघांनी उघडायचं, ही त्याची आपोआप मिळणारी, पण हवी तर बदलता येणारी मांडणी. आत शामीर यांचंच गणित आहे. त्यातली चांगली बाजू अशी की हिस्से सर्व्हरच्या आत जोडले जातात, समोर कुणाला दुसऱ्याचा हिस्सा किंवा जोडलेली किल्ली दिसत नाही. म्हणून खोटा हिस्सा देणाऱ्याला तिथे गुपित मिळत नाही, तो फार तर काम अडवू शकतो. पण हिस्सा चुकला की जोडलेल्या किल्लीने पुढचं कुलूप उघडत नाही, एवढंच कळतं. कुणाचा चुकला, ते नाही. म्हणून काही गोष्टी तू आधीच मार्गी लाव.

हिस्से तयार होताना ते एकाच माणसाच्या पडद्यावर उघडे दिसले होते का, ते विचार. तसं असेल तर पाचही हिस्से त्या माणसाच्या नजरेखालून गेले, वाटणीला अर्थच उरला नाही. प्रत्येकाच्या पीजीपी किल्लीने हिस्सा परस्पर बंद करून देण्याची सोय व्हॉल्टमध्ये आहे, ती वापरायला लाव. हिस्से बनले त्याच वेळी प्रत्येक हिश्शाचा एसएचए-२५६ ठसा काढून, त्या यादीवर सगळ्यांच्या सह्या घेऊन ती जपून ठेवायला सांग. हिस्सा लांब आणि यादृच्छिक असल्यामुळे ठशावरून तो कुणाला काढता येत नाही. पण वाद निघाला तर तुझ्या हिश्शाचा ठसा यादीशी जुळतो हे तू दोन मिनिटांत दाखवू शकतेस. त्या मुलीकडे एवढा एक कागद असता तर पुष्कळ झालं असतं. आणि दर काही महिन्यांनी उघडण्याची तालीम करा, आळीपाळीने वेगवेगळे तिघे घेऊन. खराब हिस्सा निवांत दुपारी सापडलेला बरा.

ठशांची यादी झाली की खोटं सांगणं जवळजवळ बंद होतं. मग लबाडाकडे एकच वाट उरते, हिस्सा द्यायचाच नाही. "हरवला" म्हणायचं. खोटेपणाचं रूपांतर गैरहजेरीत होतं, आणि खरोखर हरवलेला हिस्सा आणि मुद्दाम हरवलेला हिस्सा यांत फरक करणारं गणित नाही. त्यासाठी माणसं जादा ठेवावी लागतात. जगभरच्या क्रिप्टोग्राफी संशोधकांची संघटना, आयएसीआर, हिची २०२५ ची निवडणूक आठवते ना? मतं उघडायला तीन विश्वस्त होते आणि तिघांचीही किल्ली लागणार होती. प्रत्येकाने आपलं काम खरं केल्याचा पुरावा देण्याची व्यवस्था त्या प्रणालीत होती, म्हणजे खोटेपणाला वाव नव्हता. पण एकाची किल्ली कायमची हरवली, निकाल उघडताच आला नाही, निवडणूक पुन्हा घ्यावी लागली. या विषयातले जगातले सर्वांत जाणते लोक हे! इंटरनेटच्या नावांच्या यंत्रणेची मूळ किल्ली २०१० मध्ये बसवली तेव्हा बॅकअप परत मिळवण्याचे हिस्से वेगवेगळ्या देशांतल्या सात जणांकडे दिले आणि पाच पुरेसे ठेवले, ते याचसाठी. तुमच्याकडे पाचांत तीन आहे. दोघे गैरहजर राहिले तरी चालतं, पण त्यानंतर एकही खोटा हिस्सा सोसायला जागा उरत नाही. वरिष्ठांना एवढं एकदा बोलून दाखव, पाचाचे सात करायला खर्च काही येत नाही.

तुझा हिस्सा कधी खरंच हरवला, किंवा कुणी बघितला असा नुसता संशय आला, तरी त्याच दिवशी सांग. घाबरून गप्प बसलेल्या माणसात आणि लबाडात बाहेरून बघणाऱ्याला फरक करता येत नाही. आणि रात्रीबेरात्री कुणी फोन करून "घाई आहे, हिस्सा वाचून दाखव" म्हणालं तर, आवाज ओळखीचा असला तरी, वाचून दाखवायचा नाही.

शेवटचं राहिलं ते माणसं बदलण्याचं. पाचांतला एक जण नोकरी सोडून गेला की त्याच्याकडचा हिस्सा त्याच्याबरोबर जातो. आज एक गेला, वर्षाने दुसरा, मग तिसरा, आणि एके दिवशी बाहेरच्या तिघांकडे पुरती किल्ली असते. म्हणून कुणी गेलं की हिस्से नव्याने वाटायला लाव. व्हॉल्टमध्ये नव्या वाटपाबरोबर पडताळणी मागता येते. नवे हिस्से पुन्हा टाइप करून बरोबर असल्याची खात्री पटेपर्यंत जुने चालू राहतात. लोक ती पायरी वेळ वाचवायला गाळतात. तू गाळू देऊ नकोस. आधी नव्या हिश्शांची पडताळणी, मग ठशांच्या नव्या यादीवर सह्या, आणि त्यानंतरच जुना हिस्सा खोडायचा. रविवारी ती दहा त्रिकुटं काढलीस की फोन कर, राबिन आणि बेन-ऑर यांच्या खुणा पाचही जणांसाठी एकत्र मांडून बघू.